येळवशीची गाडी

माकणी,
४ ऑक्टोबर

सौ. महेश्वरी हिला शरणु शरणार्थी.

‘सौ.’ लिहून पेन थांबलं होतं. पुन्हा वाचलं आणि राहू दिलं. बरोबर आहे ते.

आम्ही गाडी घेतोय!

खुशाली मागून लिहीन, आधी हे. चार चाकांची, आपली स्वतःची. काल जेवताना अप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि म्हणाले, “उमाशंकर, लातूरला जाऊन गाड्या बघून ये. मोठी पायजे. सगळं घर मावलं पायजे.” उमाशंकरला ठसका लागला. जगदेवी नवऱ्याला पाणी द्यायचं सोडून माझ्याकडंच बघत राहिली. तिला अजून वाटतं, या घरात अप्पा जे बोलतात ते मी आधी त्यांच्या कानात सांगितलेलं असतं. या वेळी तसं नव्हतं. मीसुद्धा तोंड उघडं टाकून बसले होते.

कारण येळवस. तुला सांगायला नको, पण लिहायला बरं वाटतं म्हणून लिहिते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं घर शेतात, कडब्याची कोपी, पाच पांडवांची पूजा, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीचा मातीचा बिंदगा. घरातून उचललेला बिंदगा शेतातल्या कोपीतच टेकायचा, मधे कुठं खाली ठेवायचा नाही. आपला थोरला शंभू होता तोवर डोक्यावर घोंगडी टाकून तोच बिंदगा घ्यायचा आणि तीन किलोमीटर असा चालायचा की थेंब सांडायचा नाही. तो गेल्यापासून आम्ही येळवस घरातच उरकतो. अप्पांचे गुडघे तुला ठाऊक आहेत. उमाशंकरच्या कमरेचा मणका सरकलाय. आता अप्पांनी तोडगा काढलाय: गाडीत बसायचं आणि बिंदगा मांडीवर घ्यायचा. “मांडी म्हंजे काय जमीन न्हवं,” असं म्हणाले. मी मान्य केलं. सहा वर्षांनी माणूस शेतात येळवस करायचं म्हणतोय, त्याच्याशी वाद कोण घालणार?

तर प्रश्न असा. अप्पांना ती उंच, जीपसारखी दिसणारी गाडी हवी आहे. एसयूव्ही म्हणतात तिला. सप्टेंबरच्या पावसानं शेताचा रस्ता पार उखडून टाकलाय, त्यामुळं उंच गाडीच चालेल असं उमाशंकरचंही म्हणणं. पण त्यानं मोबाइलवर तू टाकलेला एक फोटो दाखवला. शिवांजली शाळेचं बक्षीस घेऊन उभी आहे आणि तिच्या मागं तुमच्या दारात एक गाडी आहे. पुढून साधी मोटार, पण मागं पेटीसारखी लांबच लांब. अप्पांनी चष्मा लावून तो फोटो बघितला. मोठा करून बघितला. म्हणाले, “ही जीपबी न्हाय, मोटारबी न्हाय. हिच्यात बिंदगा लई झकास बसंल.” मग बराच वेळ फोटोच बघत होते. गाडी कोपऱ्यात आहे, मधोमध नात आहे.

तुझ्या घरच्यांना विचारून कळव, ती कसली गाडी आहे आणि ती बरी की उंच बरी.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर आपण दोघी ‘बरं आहे ना’, ‘बरं आहे’ एवढ्यात संपतो. तीस वर्षं सास्तूरच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, एक तरी पत्र खऱ्या कामाचं लिहावं.

तुझ्या मामांनी सोलापूरला तुझं दुसरं लग्न लावून दिलं तेव्हा आम्ही आलो नाही. त्यावर आज लिहीत नाही. आज फक्त गाडी.

गंगम्मा


माकणी,
१२ ऑक्टोबर

सौ. महेश्वरी,

तुझं उत्तर यायच्या आतच दुसरं पत्र लिहितेय, कारण हे पोटात राहत नाही. आम्ही लातूरच्या शोरूममध्ये धिंगाणा घालून आलो!

अप्पांचं म्हणणं, कपडा घ्यायचा तर अंगावर घालून बघतो, मग गाडी बिंदगा ठेवून का बघू नये? ट्रायल घ्यायची तर आंबिलीनंच. मी म्हटलं, पाणी भरून नेऊ. म्हणाले, “पाणी येगळं हलतं, आंबील येगळी हलती.” हे म्हणजे अगदी त्यांचंच. मग मी ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील केली, चांगली आंबू दिली. सांडू नये म्हणून अप्पांनी बिंदग्यावर झाकणी ठेवली, वरून फडकं घातलं आणि सुतळीनं असं आवळलं की म्हशीचं दावंसुद्धा इतकं आवळत नाहीत. आणि तो बिंदगा मांडीवर घेऊन ऑक्टोबरच्या उन्हात एसटीनं लातूर.

शोरूममधल्या साहेबांना वाटलं, आम्ही पेढ्यांसारखं काही घेऊन आलोय. हात पुढं केले त्यांनी. अप्पा म्हणाले, “ह्ये तुमच्यासाठी न्हाय, ह्ये गाडीसाठी हाय.”

आधी चढायचीच पंचाईत. गाडी इतकी उंच की अप्पांचा गुडघा वाकेना. उमाशंकर मागून रेटतोय, मी बिंदगा धरून उभी, जगदेवी पदर तोंडात घालून हसतेय. शेवटी साहेबांनी एक प्लास्टिकचं स्टूल आणलं. आत बसल्यावर मात्र अप्पा खूश. “सगळा लातूर खाली दिसतोय,” म्हणाले.

रिंग रोडला एक गतिरोधक लागला. गाडी थोडी उडाली आणि फट्ट! सोड्याच्या बाटलीसारखी झाकणी उडाली. आंबलेल्या आंबिलीला सुतळीनं कोंडलं तर ती काय करणार? छताला आंबील, काचेला आंबील, साहेबांच्या टायला आंबील. अप्पांच्या मिशीवरून ओघळतेय. साहेबांनी घाबरत विचारलं, “काका, हे काय आहे?”

“आंबील,” अप्पा म्हणाले. “चाखून बघा, आता तोंडाला लागलीच हाय.”

आणि महेश्वरी, त्या बिचाऱ्यांनी जीभ फिरवून चाखली आणि म्हणाले, “मीठ थोडं कमी आहे.” मग मी जी हसायला लागले ते गाडी परत शोरूमला लागेपर्यंत. मागच्या सहा वर्षांत मी असं हसलेलं जगदेवीनं पाहिलं नव्हतं. तिनं माझी पाठ थोपटली, तिला वाटलं मला दम लागला. आम्ही तिघांनी मिळून सीटा पुसून दिल्या.

एक राहिलं. मी साहेबांना म्हटलं, सात सीटांची दाखवा. त्यांनी दाखवली. मागं अगदी शेवटी दोन छोट्या सीटा असतात. अप्पांनी आत डोकं घालून बघितलं. “ह्या कुणासाठी? कडब्याच्या पेंड्यांसाठी? आपुन माणसं चार.” मी म्हटलं, पाहुणे येतात. “कोण पाव्हणे?” मी पुढच्या काचेवर राहिलेली आंबील पुसायला गेले.

उंच गाडीवर अप्पांचा जीव आहे, गुडघ्याचा नाही. अजून काही ठरलं नाही. तुमच्या लांब गाडीची वाट बघतोय, म्हणजे तिच्या माहितीची.

शिवांजलीला सांग, अज्जीनं आंबील उडवली.

गंगम्मा


माकणी,
२९ ऑक्टोबर

चि. सौ. महेश्वरी,

दिवाळीच्या धामधुमीतही उत्तर लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, ‘ळ’ला झोका देणारं. आणि सोबतचा तो कागद! तुझ्या घरच्यांनी, योगीराजनी, स्वतः लिहून पाठवला हे मी अप्पांना सांगितलं नाही, पण अक्षर तुझं नाही हे त्यांना कळायचं राहत नाही. पहिल्यांदा उभ्यानं वाचला. मग ओट्यावर बसून वाचला. मग उमाशंकरला म्हणाले, “हिला इस्टेट म्हणत्यात म्हणं परदेशात. आपल्यात इस्टेटीवरनं भांडणं, त्यांच्यात इस्टेटीत बसून फिरत्यात.”

त्यांनी फार सरळ लिहिलंय. गाडी जमिनीलगत असल्यानं डुलत नाही, मधमाश्यांच्या पेट्या नेताना म्हणून बरी पडते, माश्यांना हिसका सोसत नाही. बसायला वाकावं लागत नाही की चढावं लागत नाही, ढुंगण टेकून आत वळलं की झालं. (अप्पांनी हे वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं.) मागच्या सीटा पाडल्या की खाट टाकता येईल एवढी जागा. पण नवी मिळत नाही, आपल्याकडं लोकांनी असल्या गाड्या फारशा घेतल्याच नाहीत, जुनीच शोधावी लागेल. आणि शेवटी लिहिलंय, ‘तुमचा शेताचा रस्ता मी पाहिलेला नाही. खड्डे खोल असतील तर हिचं पोट घासेल. तेव्हा उंच गाडी घ्या, माझं ऐकू नका.’

अप्पा म्हणाले, “स्वतःच्या गाडीचा दोष लिवून धाडणारा माणूस म्या आजपत्तुर बघितला न्हाय.”

मी विचारलं, मग?

“मग काय? मानसानं लिवलंय म्हनून गाडी घेत्यात व्हय? बसून बघावं लागंल.”

आता ऐक. माकणीत तुम्हाला बोलवायचं म्हटलं तर गाव दारात येऊन उभं राहील. सोलापूरला आम्ही यायचं म्हटलं तर अप्पा एसटीत पाय ठेवतील आणि काढतील. म्हणून मधलं ठिकाण, नळदुर्ग. त्यांच्या पेट्या तिकडं डाळिंबाच्या बागांत असतात असं तू लिहिलंयस. पंधरा तारखेला शनिवार आहे. हायवेवर कुठल्याही ढाब्यावर थांबतील तिथं आम्ही येऊ. फक्त गाडी बघायला.

तू आणि शिवांजली आलात तर, पण नाही, शनिवारी तिची सकाळची शाळा असेल.

गंगम्मा


माकणी,
१७ नोव्हेंबर

चि. सौ. महेश्वरी,

योगीराज घरी पोचून तुला काय सांगतील मला ठाऊक नाही. तो माणूस पाच वाक्यं बोलायची तिथं दोन बोलतो. म्हणून मीच सांगते.

तू का आली नाहीस हे मी विचारत नाही.

ढाब्यासमोर वीसेक ट्रक उभे होते आणि त्यांच्या मधे ती गाडी, हत्तींच्या कळपात मुंगूस उभं असावं तशी. योगीराज बाहेर आले, वाकून नमस्कार केला. “काका, लई वेळ थांबावं लागलं का?” अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, गाडीकडं बघितलं आणि गाडीलाच म्हणाले, “बानट उघडा.” पुढची दहा मिनिटं असंच. अप्पा टायरशी बोलतायत, डिकीशी बोलतायत आणि उत्तर योगीराज देतायत. उमाशंकर मला हळूच म्हणाला, “अव्वा, मधी दुभाषा पायजे.”

मग अप्पा बसले. ढुंगण टेकलं, आत वळले, झालं. कुणी रेटलं नाही, स्टूल नाही. चेहरा बघायला हवा होतास. पलंगावर बसल्यासारखे बसले आणि दोन्ही बाजूंना हात फिरवत राहिले. मी बिंदगा दिला. या वेळी पाणी भरून नेलं होतं, झाकणी मोकळी. उमाशंकर आणि मी मागं.

हायवे सोडून किल्ल्याच्या बाजूच्या खडबडीत रस्त्याला गाडी घेतली. पाणी बिंदग्याच्या गळ्याशी हिंदकळायचं आणि परत फिरायचं. अप्पांनी श्वास धरलेला. एवढ्यात गुणगुण ऐकू आली. डिकीतल्या रिकाम्या पेटीत एक मधमाशी राहून गेली होती! ती अप्पांच्या कानाभोवती फिरली आणि थेट कपाळावर विभूतीच्या पट्ट्यावर जाऊन बसली. दोन्ही हात बिंदग्याला, हाकलणार कशानं?

“ओ,” अप्पा ओठ न हलवता म्हणाले. “ओ, तुमची माशी.”

“हलू नका काका. ती तुम्हाला काय करत न्हाय. बघतीय फक्त.”

“काय बघतीय?”

“कोण नवीन आलं ते.”

“तिला सांगा, म्या गिऱ्हाईक हाय!”

योगीराजनी गाडी थांबवली, पुढं झुकले आणि बोटाच्या टोकावर त्या माशीला असं चढवून घेतलं, जसं बाळाच्या डोळ्यातलं काजळ टिपावं. खिडकीबाहेर हात काढला. ती उडाली. अप्पा पहिल्यांदा त्यांच्याकडं वळले, सरळ तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, “पाणी सांडलं न्हाय.” “न्हाय,” योगीराज म्हणाले. आणि दोघं एकदम हसले. मी पदर डोळ्यांना लावला. उमाशंकर म्हणाला, धूळ हाय अव्वा, काच लाव. गुणी पोरगा आहे तो.

ढाब्यावर चहा घेतला. अप्पांनी विचारलं, पोरगी कशी हाय? “गणितात कच्ची, भांडणात पक्की.” “मंग आमच्यावरच गेलीय,” अप्पा म्हणाले, आणि जरा वेळानं, “तुमाला काय म्हणती?”

योगीराजनी कप खाली ठेवला. “नावानंच हाक मारती. बाबा एकच असतो म्हणती. मी म्हटलं, बरोबर हाय तुझं.”

महेश्वरी, त्यावर मी किती तरी वेळ समोरचे ट्रक बघत होते. एकाच्या मागं काय लिहिलंय ते वाचत होते आणि काय वाचलं ते आत्ता सांगता येणार नाही.

निघताना अप्पांनी त्यांना डिकीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवायला लावली. माझ्या पिशवीतली. मला न विचारता.

आता लांब गाडीच घ्यायची, नक्की झालं! उमाशंकरला उमरग्याच्या एका डॉक्टरांकडची तसलीच जुनी, पण जपलेली गाडी सापडलीय. अप्पांनी त्या गाडीसाठी शेताच्या रस्त्यावर मुरूम टाकायला घेतलाय. तिचं पोट घासू नये म्हणून! माणसं गाडीसाठी रस्ता बघतात, आमच्याकडं गाडीसाठी रस्ता बांधणं चाललंय. गुडघे धरून रोज उभे असतात तिथं, “इथं टाका, तिथं दाबा” करत.

म्हणून विचारते. एकोणीस डिसेंबरला येळवस आहे. तू आणि शिवांजली या. योगीराज आणि त्यांच्या आईही आल्या तर आम्हाला आनंदच. इतके दिवस मी गाडीचं लिहीत होते, पण विचारायचं हेच होतं, हे तुला पहिल्या पत्रातच कळलं असणार.

अव्वा


माकणी,
३ डिसेंबर

चि. महेश्वरी,

तुझं पत्र मिळालं.

तुझ्या सासूबाई टाकून बोलल्या नाहीत, साधं विचारलं, हे तू दोनदा लिहिलंयस. मी ओळखते साधं विचारलेलं. ‘जा की, पण कुठल्या नात्यानं जाणार?’ असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. आपली सून, आपला मुलगा तिच्या पहिल्या नवऱ्याच्या घरी सणाला कसे पाठवायचे? लोक काय विचारतील ते सोड, माणसानं तिथं जाऊन बसायचं कुठं?

सून म्हणून बोलवावं तर सून तू आता त्यांची आहेस. पाहुणी म्हणून बोलवायला माझी जीभ वळत नाही. तुझे मामा होते तोवर तुला एक माहेर तरी होतं.

मी पत्र अप्पांना वाचून दाखवलं. ऐकून उठले आणि काठी घेऊन शेताकडं चालत गेले. उमरग्याची गाडी बघायला उमाशंकर बोलवायला आला होता, त्याला म्हणाले, आज नको. रस्त्यावरचं मुरमाचं कामही थांबलंय.

मला उत्तर सुचत नाही. न सुचलेलंच पाठवतेय.

अव्वा


माकणी,
१७ डिसेंबर

श्रीमती कडूबाई यांना, माकणीच्या गंगम्माचा नमस्कार.

आपण कधी भेटलो नाही. अक्षर लागलं नाही तर शिवांजलीकडून वाचून घ्या, तिला माझं लागतं.

तुमचा प्रश्न आमच्या घरात बरेच दिवस फिरत होता. मग परवा जेवताना आमचे हे म्हणाले, “तू इतकी पत्रं कुणाला लिवलीस?” मी म्हटलं, महेश्वरीला. म्हणाले, “तिथंच चुकलं. शाळा शिकवलीस आणि येवढं कळंना व्हय? लेक दिल्या घरची असती. लेकीला सणाला आणायचं तर लेकीला पत्र लिवत्यात का? तिच्या सासूला इचारत्यात, आन् तिला आणायला मुराळी धाडत्यात.”

लेक म्हणाले ते. मी ताटावरून उठले आणि आत जाऊन उभी राहिले. जगदेवी मागून आली, तिनं आणखी एक भाकरी हवी का विचारलं.

तर विहीणबाई, हे ते विचारणं आहे. आतापर्यंत सुनेला हाका मारत होते, म्हणून हाक पोचत नव्हती. महेश्वरी आमची लेक. तुमच्या घरी दिलेली. परवा शुक्रवारी येळवस आहे. लेकीला, नातीला, जावईबापूंना पाठवावं, आणि तुम्ही स्वतः यावं. पहिल्यांदा येताय म्हणून तुमचा मान मोठा. आमच्यात येळवशीला मटणबिटण नसतं, हे आधीच सांगते. भज्जी मात्र अशी असते की तुम्हाला आठवण यायची नाही.

मुराळी म्हणून उमाशंकर येतोय. काल-परवापर्यंत तो तिचा दीर होता. मी त्याला विचारलं, तुला जड जाणार नाही ना? म्हणाला, “अव्वा, दीर होतो तवा वहिनी माझं ऐकत न्हवती. भाऊ झाल्यावर बी ऐकणार न्हाय. मला काय फरक पडतोय?”

आता गाडीचं. तुमच्या मुलाची लांब गाडी आमच्या ह्यांच्या मनात बसली होती, तिच्यासाठी रस्ता बांधायला घेतला होता. तसलीच गाडी ठरतही आली होती. पण त्या जेवणानंतर यांनी मला विचारलं, “सोलापूरच्या घरात माणसं किती?” मी म्हटलं, चार. बोटांवर मोजत बसले. दुसऱ्या दिवशी उमाशंकरला घेऊन लातूरला गेले आणि सात सीटांची उंच गाडी घेऊन आले! जिच्यात चढता येत नव्हतं तीच. मागच्या ज्या दोन सीटांना कडब्याच्या पेंड्यांची जागा म्हणाले होते त्यांच्यावर स्वतः बसून बघितलं, गुडघे छातीला लागले, तरी म्हणाले, “बसतंय की माणूस.” मी विचारलं, तुमच्या गुडघ्यांचं काय? गाडीला बाजूनं लोखंडी पायरी बसवून आणलीय. ती दाखवली. “दोन्ही बाजूंनी बसवलीय,” म्हणाले. “विहीणबाईंचे गुडघे कसे हायत कुणाला म्हाईत.”

आपण सगळे मिळून आठ होतो, सीटा सात. शिवांजलीला मांडीवर घेतो म्हणतात. दहा वर्षांची पोर मांडीवर मावत नाही हे त्यांना अजून माहीत नाही, शेवटची मांडीवर बसली तेव्हा ती चार वर्षांची होती. तुम्ही सांगू नका. कळेल त्यांना.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, उमाशंकरच्या हातीच देते. हो किंवा नाही, जे असेल ते त्याला तोंडावर सांगा, आम्हाला राग नाही. नाही म्हणालात तरी त्याला जेवू घालून पाठवा, सकाळपासून आनंदानं त्यानं काही खाल्लेलं नाही.

एक अडचण झालीय. मुराळी एकच असतो, हे तुम्हालाही ठाऊक आणि आम्हालाही. पण मघापासून हे गाडीत पुढच्या सीटवर बसलेत. “सीट कशी हाय ते बघतोय फकस्त,” म्हणतात. तर मग डोक्याला नवा पटका कशाला, आणि मांडीवर लेकीची साडी कशाला? उमाशंकरनं दोनदा सांगितलं, अप्पा, उतरा, मला निघायचंय. तर म्हणाले, “मंग नीघ की. म्या अडवलंय व्हय?”

तेव्हा विहीणबाई, दारात गाडी थांबली की दोघं उतरतील. म्हातारे मागून, सावकाश, पायरीवरून. लग्नाला आले नव्हते ते आता येतायत. त्यांना कसं बोलावं ते सुचणार नाही, गाडीबद्दलच बोलत राहतील. बोलू द्या. दोघांनाही चहा द्या, म्हाताऱ्यांच्या चहात साखर कमी.

हॉर्न वाजवतायत. थांबते.

तुमची विहीण,
गंगम्मा